जटांआडची नजर

चुलीतलं लाकूड तडकलं की एक काळी, हलकी राख वर उडते. तिला ना दिशा, ना ठिकाण. माळावरची माणसं त्या राखेला पेर्न्ये म्हणतात. मेंढपाळ वेंडेलने आपल्या कुत्रीचं नाव पेर्न्ये ठेवलं तेव्हा ती टोपीत मावेल एवढं पिल्लू होती, आणि काळीकुळकुळीत होती, एवढंच त्याच्या मनात होतं. उडण्याचा भाग त्याला नंतर कळला.

कामचुकार म्हणावी तर ती तशी नव्हती. मेंढरांना वेढा घालायची विद्या ती आईच्या दुधातूनच घेऊन आली होती. वाऱ्यासारखी सुटायची, कळपाच्या अंगाला अंग न लावता वळसा घ्यायची, आणि मळसूत्री शिंगांचे दांडगे मेंढेसुद्धा तिला वाट द्यायचे. पण वळसा अर्धा झाला न झाला, की कुठूनतरी चंडोल उडायचा आणि पेर्न्ये त्या चंडोलाची व्हायची. चंडोल गेला की बिळातून डोकं काढणाऱ्या खारीची. खार बुडाली की ससा, ससा नसेल तर वाऱ्यावर गडगडत जाणारं वाळकं काटेरी झुडूप. त्या झुडपाला तिथे सैतानाची गाडी म्हणतात, आणि शरदात अशा गाड्या माळावर एकामागून एक निघतात. मेंढरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधे वेंडेल आकडीची काठी टेकून उभा, आणि दूर एक काळा ठिपका सैतानाच्या गाडीमागे.

हाक मारावी, तर हाकच नव्हती.

हिवाळ्यात देब्रेत्सेन शहरातल्या दवाखान्यात त्याच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. गळ्याच्या खळगीत श्वासापुरतं भोक राहिलं. त्यावर तो बायकोने, इल्काने, शिवलेला निळा रुमाल बांधायचा. शीळही गेली. शीळ घालायला छातीतला वारा तोंडाशी यावा लागतो, आणि त्याचा वारा आता वाटेतच बाहेर पडत होता. ज्या माणसाची हाक कालव्यापलीकडची कुत्री ओळखत, जो चालता चालता मेंढरांवर ओव्या रचून गायचा, त्याच्याकडे आता दोन ओठ आणि दोन हात उरले होते. त्याची जुनी कुत्री, मोर्झा, त्याच हिवाळ्यात गेली. इल्का म्हणायची, हाक यायची बंद झाली म्हणून गेली. वेंडेल म्हणायचा, म्हातारी झाली होती म्हणून गेली. पण तो हे ओठांनी म्हणायचा, आणि इल्काला नको असलं की ती दुसरीकडे बघायची.

त्याच्या ओव्या आता इल्का गायची. तिचा सूर कधीच जागेवर नव्हता.

माळावरी वारा
वाऱ्यावरी धूळ
धुळीमध्ये कूळ
मेंढरांचं

"कूळ वर चढवायचं असतं," वेंडेल ओठांनी सांगायचा.

"चढवून चढवून कुठं नेऊ? माझा गळा काय शिडी आहे?" इल्का म्हणायची, आणि पुन्हा खालीच गायची.

उन्हाळा उतरायला लागला तेव्हा कोर्नेल आला. कळप त्याचा होता. त्याच्या बापाच्या वेळेपासून वेंडेल तो राखत होता, आणि कोर्नेलला त्याने खांद्यावर बसवून मेंढरं दाखवली होती. त्यामुळे बोलायचं ते बोलण्याआधी कोर्नेलने टोपी काढली, ती हातात फिरवली, आणि विहिरीच्या लांब दांड्याकडे बघत राहिला.

"काका, तुम्हाला काढून टाकतोय असं समजू नका."

वेंडेलने ओठ हलवले. कोर्नेलला ओठ वाचता येत नव्हते. त्याने इल्काकडे पाहिलं.

"म्हातारा म्हणतोय, मग कसं समजू ते सांग," इल्का म्हणाली. "आणि म्हणतोय, टोपी घाल, टक्कल भाजेल."

वेंडेलने जोरात मान हलवली. टकलाचं तो काही बोलला नव्हता.

"कुत्री ऐकत नाही, काका. परवा अर्धा कळप डांबरी रस्त्यावर आला होता. एखादा ट्रक आला असता तर? मी तारेचं कुंपण बघून आलोय. वीज सोडलेली तार. एकदा घातली की माणूसही नको, कुत्राही नको." त्याने टोपी घातली. "दोमोतोरच्या दिवसापर्यंत थांबतो. त्या दिवशी तुम्ही तुमच्या कुत्रीनिशी कळप पुलावरून घरी आणलात तर तार नको. नाही तर मग मला बोल लावू नका."

संत दोमोतोरचा दिवस म्हणजे मेंढपाळांचं नवं वर्ष. मेंढरं माळावरून हिवाळ्याच्या गोठ्याकडे उतरतात, आणि मेंढपाळाचं पुढचं वर्ष ठरतं. कोर्नेलच्या घराण्याची रीत अशी होती की त्या दिवशी मेंढपाळाने काठी दाराबाहेर टेकवून आत जेवायला यायचं. मालकाने स्वतः उठून ती काठी आत आणून हातात दिली, की वर्ष पक्कं. नाही आणली, तर जेवून उठायचं, काठी घ्यायची आणि नमस्कार करून चालू लागायचं. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. आवाज नसलेल्या माणसाला सोयीची रीत, असं वेंडेलच्या मनात येऊन गेलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

*

शेजारच्या कुरणात अम्ब्रुश मेंढरं चारायचा. वेंडेलपेक्षा वयाने मोठा, दोन शहाण्या कुत्र्यांचा धनी, आणि जिभेला हाड नसलेला. तो येऊन पेर्न्येभोवती एक चक्कर मारायचा. तिच्या अंगभर दोरखंडासारख्या जटा होत्या, पुढून मागून सारख्याच.

"वेंडेल, तुला एक विचारू? हिचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते तुला तरी ठाऊक आहे का? नाही, कधी कधी वाटतं तू शेपटीलाच शिकवतोयस."

पण अम्ब्रुश नुसती टिंगल करणारा नव्हता. एके दिवशी तो धोतराएवढ्या मोठ्या फडक्यात गुंडाळून एक पितळी घंटा घेऊन आला. त्याच्या मेलेल्या म्होरक्या मेंढ्याची होती. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याने मान वळवावी.

"हे बघ. आपल्यात जे हरवतं त्याच्या गळ्यात घंटा बांधतात. मेंढी हरवते, घंटा. गाय हरवते, घंटा. तुझा आवाज हरवलाय. बांध घंटा. तुझी ही केसाळ पोरगी कुठंही गेली तरी तिला कळेल मालक कुठं आहे."

ते सगळ्यांना पटलं. वेंडेललाही पटलं. जन्मभर घंटांच्या नादात वावरलेल्या माणसाला पटण्यासारखंच होतं ते. त्याने घंटा कमरेच्या पट्ट्याला बांधली. चालला की वाजायची, बसला की वाजायची, खोकल्याचा झटका आला की चर्चच्या घंटेसारखी वाजायची.

आणि खरंच, पेर्न्ये हरवेनाशी झाली. संध्याकाळी आपणहून यायची. इल्का खूश झाली, अम्ब्रुश तर मिशीला पीळ देऊनच चालायला लागला. फक्त वेंडेलच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचत होतं. कुत्री आता आधीपेक्षा लांब जात होती. बिनघोर जात होती. आणि तो काठी उंच करून उभा असायचा, हात डावीकडे उजवीकडे करायचा, तेव्हा तिची पाठ त्याच्याकडे असायची. नेहमी पाठ.

एका वादळी दिवशी सैतानाच्या गाड्या माळावर सैरावैरा सुटल्या होत्या. पेर्न्ये एकीमागून दुसरीकडे पळत होती आणि म्होरक्या मेंढा सगळ्यांना घेऊन सरळ कोर्नेलच्या लसूणघासात शिरला. वेंडेल धावला, घंटा बडवत धावला. पेर्न्येने घंटा ऐकली, मालक जागेवर आहे याची खात्री केली, आणि पुढच्या गाडीमागे गेली. ओल्या लसूणघासाने एका मेंढीचं पोट ढोलासारखं टरारलं. अम्ब्रुश धावत आला. तिच्या तोंडात गवताचा पीळ आडवा बांधून, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून दोघांनी तिचं पोट चोळलं, आणि दुपार कलताना ती कशीबशी उठून उभी राहिली.

कोर्नेल बांधावर उभा राहून हे बघत होता. टोपी त्याने या वेळी काढली नाही.

*

दुसऱ्या दिवशी वेंडेल घरी जेवणाच्या मेजाशी बसला होता. इल्का ओसरीत लाल मिरच्यांच्या माळा ओवत होती. त्याला तिला तारेचं सांगायचं होतं. आता तार येणारच, असं त्याला वाटत होतं. त्याने चमच्याने मेजावर ठोकलं.

"ऐकलं," इल्का बाहेरून म्हणाली. "मीठ तिथंच आहे, भांड्यामागं."

त्याला मीठ नको होतं. त्याने पुन्हा ठोकलं.

"ऐकलं म्हटलं ना. दिसत नसेल तर उठून बघ. पाय काही काढले नाहीत तुझे."

तो जोरजोरात ठोकत राहिला, आणि ती तिथूनच उत्तरं देत राहिली. मिठाची, पावाची, एकदा तर मांजराची. हाकेला ओ देत होती, पण येत नव्हती. आणि आल्याशिवाय, त्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय, तिला त्याचं एक अक्षरही कळणार नव्हतं. शेवटी त्याने चमचा खाली ठेवला आणि गुमान बसून राहिला. बाहेर सुई मिरचीतून जात होती त्याचा बारीक आवाज येत होता. मग तोही थांबला. इल्का दारात आली. एका हातात सुई, सुईला एक मिरची लटकलेली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"काय झालं रे? एवढा गप्प का?"

वेंडेलला हसू फुटलं. आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. इल्का घाबरून पुढे आली. त्याने तिचा हात धरला आणि ओठांनी सावकाश म्हटलं, "ठोकत होतो तेव्हा तू आली नाहीस. थांबलो, तेव्हा आलीस."

"मग? ठोकत होतास म्हणजे जिवंत होतास. कशाला येऊ?"

वेंडेल उठला. कमरेची घंटा सोडून त्याने ती मेजावर ठेवली. ठेवताना ती शेवटची वाजू नये म्हणून लोलकाभोवती बोटं धरली.

*

घंटेशिवाय पहिल्या सकाळी पेर्न्ये रोजच्यासारखी चंडोलामागे गेली. वेंडेल बोरूच्या गवताआड गेला आणि खाली बसला. ठोकलं नाही, हात हलवला नाही. बऱ्याच वेळाने चंडोलाचा कंटाळा आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की माळ रिकामा आहे. घंटा नाही, माणूस नाही. ती थांबली. एक पाय वर धरून उभी राहिली. मग धावली, चुकली, मागे आली, नाक जमिनीला लावून गोल गोल फिरली, आणि तिच्या घशातून असा बारीक केविलवाणा आवाज निघाला की वेंडेलला उठून तिच्याकडे जावंसं वाटलं. तो गेला नाही.

तिने त्याला शोधून काढलं तेव्हा ती गवतातून सरळ त्याच्या मांडीवर येऊन पडली आणि तोंड वर केलं. जटांच्या पडद्यामागे डोळे कुठे ते देवालाच ठाऊक. पण जीभ हलायची थांबली होती, आणि नाकाचं ओलं काळं बटण त्याच्या चेहऱ्याच्या रेषेत येऊन थिजलं होतं. ती बघत होती. वेंडेलने डुकराच्या खारवलेल्या चरबीची साल खिशातून काढून तिला दिली, आणि कानामागच्या जटांत बोटं घालून खाजवलं, अगदी सावकाश.

त्या दिवसापासून नियम ठरला, आणि तो कुत्रीपेक्षा त्यालाच जड गेला. तिने बघितलं की मोबदला, दर वेळी. तिने बघितलं नाही तर काही नाही. ना राग, ना हातवारे, ना मागे धावणं. आधी बंद गोठ्यात, जिथे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग अंगणात, इल्काच्या कोंबड्यांसमोर. कोंबड्यांनी पहिल्यांदा बाजी मारली. मग विहिरीपाशी, मग उघड्या माळावर. तिने बघितल्यावर तो काठी डावीकडे झुकवायचा, आणि ती डावीकडे गेली तर पुन्हा साल. काठी आडवी म्हणजे थांब. काठी छातीशी म्हणजे ये. बघितल्याशिवाय काठी हलायचीच नाही.

"म्हाताऱ्या, माझ्या कढईतली चरबी सगळी त्या कुत्रीच्या पोटात चाललीय," इल्का म्हणाली. "मी पण येऊन तुझ्याकडं टक लावून बसू का?"

"बस," वेंडेलने ओठांनी म्हटलं.

"ह्या वयात?" ती म्हणाली, पण बसली. आणि तो रचत होता ती ओवी त्याच्या ओठांवरून उचलून गायली, खालच्या सुरात.

काळी माझी राख
उडे वाऱ्यावरी
येईना ती घरी
चुलीपाशी

अम्ब्रुशला घंटा काढल्याचं लागलं. तो कुरणाच्या कडेला येईनासा झाला. आला तर पेर्न्येवर शेपटीचा विनोद न करताच जायचा, आणि विनोद न करणारा अम्ब्रुश म्हणजे खरोखर दुखावलेला अम्ब्रुश. वेंडेलने शेवटी ती घंटा आपल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधली आणि त्या मेंढ्याला धरून अम्ब्रुशच्या झोपडीपर्यंत नेलं. अम्ब्रुशने मेंढ्याकडे बघितलं, घंटेकडे बघितलं.

"चला," तो म्हणाला, "निदान ह्याचं डोकं कुठं आहे ते तरी दिसतंय."

करकोचे आले. उत्तरेकडून थव्यामागून थवे उतरले आणि दलदलीच्या कडेला राखाडी रंग पसरला. वेंडेलला त्यांचं वेड होतं, लहानपणापासून. एका सकाळी पेर्न्येने सशाला सोडून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, भर सशासमोर. आणि वेंडेल वर बघत होता. करकोच्यांची एक लांब रांग सूर्यासमोरून चालली होती. त्याची नजर खाली आली तेव्हा कुत्री अजून उभी होती, नाक त्याच्या रेषेत, पण शेपूट खाली गेली होती. मग ती वळली आणि सशामागे गेली. तो ससाही तोवर दिसेनासा झाला होता.

त्या दिवशी वेंडेल जेवला नाही. इल्काने विचारलं तेव्हा ओठांनी म्हणाला, "तिने हाक मारली. मी ऐकली नाही."

त्यानंतर माळावर तो दुसरं काही बघायचा नाही. करकोचे नाही, कोर्नेलची जीप नाही, ढग नाही. मेंढरं कुठे आहेत तेही तो कुत्रीच्या अंगाच्या रोखावरून ओळखायला शिकला. जन्मभर त्याने माळ बघितला होता. आता माळावरची एकच काळी जिवंत गोष्ट बघायची, हे त्याला आधी कोंडल्यासारखं वाटलं. मग वाटेनासं झालं.

*

दोमोतोरच्या सकाळी धुकं लवकर उठलं. इल्का पहाटेच कोर्नेलच्या अंगणात बटाट्याची आणि शेवयांची मेंढपाळी खिचडी शिजवायला गेली होती. आता ती पुलापलीकडे उभी होती, हात फडक्याला पुसत, आणि तिच्या बाजूला कोर्नेल आणि अम्ब्रुश. पूल कालव्यावरचा, अरुंद, कठडा नसलेला. दोन मेंढ्या शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढा. पलीकडून डांबरी रस्ता गेला होता.

कळप उतरत आला. पुढे घंटेचा मेंढा, मागे मेंढरांची दाट लोकर, कडेला पेर्न्ये आणि सगळ्यात मागे वेंडेल. मेंढ्याने पुलावर पाय ठेवला. घंटा टणटणली, आणि पुढची मेंढरं त्या नादाला बांधल्यासारखी पुढे निघाली.

तेवढ्यात दलदलीवर गरुडाची सावली पडली.

सगळे करकोचे एकदम उठले. हजारो पंख, आणि पंखांहून मोठा त्यांचा कल्ला. आभाळभर कर्णे फुंकावेत तसा. घंटा त्यात बुडाली. नाद तुटला तशी मेंढरं पुलाच्या तोंडाशी थबकली, मागच्यांनी पुढच्यांना ढकललं, आणि कळप मधोमध फाटून दोन्ही बाजूंना, कालव्याच्या काठाने पसरू लागला. अम्ब्रुशने दोन बोटं तोंडात घातली आणि जिवाच्या आकांताने शीळ घातली. बाजूला उभ्या असलेल्या कोर्नेललाही ती ऐकू आली नाही. इल्का ओरडत होती. तिचं तोंड उघडं दिसत होतं, एवढंच.

पेर्न्ये मात्र वर बघत होती. सगळं अंग ताणून, पुढचे दोन्ही पाय उचलून, जणू आभाळाने तिचंच नाव घेतलं होतं.

वेंडेलचे पाय धावायला निघाले होते. हात वर जायला निघाला होता. त्याने दोन्ही आवरले. काठी जमिनीत रोवून तो उभा राहिला, आणि वर बघितलं नाही. त्याच्या डोक्यावरून त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा थवा चालला होता, आणि त्याने वर बघितलं नाही. मेंढरं पाण्याच्या कडेला पोचली होती, तिकडेही नाही. तो त्या काळ्या जटांकडे बघत राहिला, आणि श्वास गळ्यातल्या रुमालातून आत बाहेर होत राहिला.

पेर्न्येचे पाय खाली टेकले. जीभ थांबली. आभाळाकडचं नाक हळूहळू उतरलं, बाजूला वळलं, आणि येऊन थिजलं.

त्याने काठी डावीकडे झुकवली.

ती सुटली. डाव्या काठाची मेंढरं पाण्यापासून सुटून आत आली. ती थांबली, वळली, बघितलं. काठी उजवीकडे. उजवा काठ मिटला. पुन्हा बघितलं. काठी पुढे. आणि त्या सगळ्या कल्लोळाखाली, एकही हाक नसताना, फाटलेला कळप टाके घातल्यासारखा सांधत गेला आणि पुलावरून वाहू लागला.

सगळंच काही सांधलं नाही. एक म्हातारी, हट्टी मेंढी बोरूत अडकून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, आणि तिच्यासाठी शेवटी कोर्नेल बूट न काढताच कालव्यात उतरला. मेंढी वर आली, कोर्नेल घसरून पुन्हा खाली गेला.

"ह्याच्या गळ्यात बांधायला घंटा आहे का कुणाकडं?" अम्ब्रुश म्हणाला. करकोचे तोवर लांब गेले होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

*

वेंडेलने काठी दाराबाहेर टेकवली, टोपी काढली आणि आत गेला. पेर्न्ये उंबऱ्यापाशी बसली. खिचडी वाढली, पाव फिरला, अम्ब्रुशने प्लमच्या दारूचे पेले भरले. कोर्नेल बापाची जुनी विजार घालून चुलीपाशी बसला होता, पायांतून वाफ निघत होती. कुणी पुलाचं बोललं नाही. पावसाचं बोलले, लोकरीचं बोलले. वेंडेल ताटात बघत होता. घास गिळायला त्याला एरवीही वेळ लागायचा. आज जरा जास्तच लागत होता.

कोर्नेल उठला आणि बाहेर गेला.

थोडा वेळ तो आत आलाच नाही. इल्काने मान लांब करून दारातून बघितलं. कोर्नेल अंगणात उभा होता, हातात आकडीची काठी, समोर पेर्न्ये. त्याने काठी डावीकडे झुकवली. पेर्न्ये हलली नाही. त्याने उजवीकडे झुकवली. काठी आडवी धरली, छातीशी धरली. पेर्न्येने शांतपणे मान वळवली, आणि उघड्या दारातून आत, मेजाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे नाक रोखून थिजली. वेंडेलने ताटावरून वर बघितलं. खिशात हात घातला, साल काढली. ती आत आली, साल घेतली, आणि मेजाखाली त्याच्या पायांवर आडवी झाली.

कोर्नेल काठी घेऊन दारात उभा राहिला.

"माझं ऐकत नाही," तो म्हणाला.

"ऐकायचं काय आहे त्यात?" इल्का म्हणाली. "ती बघते."

"मग ही काठी माझ्या काय कामाची." तो आत आला आणि त्याने ती वेंडेलच्या हातात दिली. बापाच्या रीतीप्रमाणे, दोन्ही हातांनी. "तार मी आणणार आहे, काका. पण ती लसूणघासाभोवती. तुमच्या त्या मेंढ्यावर माझा विश्वास नाही."

वेंडेलने काठी मांडीवर आडवी घेतली. हाताच्या घामाने काळ्या पडलेल्या जागी त्याचा अंगठा आपोआप जाऊन बसला. मग त्याने मेजापलीकडे बघितलं. इल्का आधीपासून त्याच्याकडेच बघत होती, हातात पळी तशीच. त्याने ओठ हलवले, सावकाश, बराच वेळ. ओळीमागून ओळ असावी तसं.

कोर्नेल थांबला. अम्ब्रुशने पेला खाली ठेवला. दोघांनी इल्काकडे पाहिलं.

"काय म्हणाला?" अम्ब्रुशने विचारलं.

इल्काने पळी भांड्यात बुडवली.

"ते तुमच्यासाठी नव्हतं," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली.